बाईला जवळचं दार कोणतं? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गावपातळीवरच्या सेवा आणि स्त्रियांवरची हिंसा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला जरा सरकारी वाटेल. स्त्रियांवरची हिंसा थांबवण्यात गावपातळीवरच्या सेवांचा काय वाटा असू शकतो, असा तो विषय आहे. ‘सेवा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर योजना येते, फलक येतो, हेल्पलाइनचा नंबर येतो. मी आज त्याच्या थोडं अलीकडचं बोलणार आहे. एखाद्या बाईला रात्री मार बसला, तर सकाळी ती नेमकी कुठे जाते? जिथे जाते तिथे तिचं कोण ऐकतं? आणि ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते माहीत असतं का? हे तीन प्रश्न मी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरते घेणार आहे.

मदतीच्या जागीच घडलेलं

सुरुवात वडशापासून करू. कागदोपत्री देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीमुळे हे गाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी नाटकं, कंपन्यांची कार्यालयं, सगळं तिथे आहे. पण याच गावाचं नाव भारताच्या कायद्याच्या इतिहासातही आहे, आणि ते फार वेगळ्या कारणासाठी आहे.

मार्च १९७२. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चंद्रपूरच होता. मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी, वय साधारण चौदा ते सोळा. तिच्या भावाने केलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिला रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आणलं गेलं. जबाब झाले, बरोबरच्यांना बाहेर काढलं, तिला थांबवून घेतलं. ठाण्याच्या आवारातच तिच्यावर अत्याचार झाल्याची तक्रार दोन पोलिसांवर झाली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना निर्दोष सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष ठरवलं. तर्क काय होता? अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असावी.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी आणि कडक शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असा पुराव्याचा नियम आला. पीडितेचं नाव छापायचं नाही, ही तरतूदही तेव्हाचीच. त्या मुलीचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. मी घेणार नाही.

हे मी पुन्हा का सांगतोय? कारण या खटल्याकडे आपण कायद्याची गोष्ट म्हणून बघतो, आणि ती आहेच. पण ती सेवेचीही गोष्ट आहे. घरातल्या तंट्यासाठी ज्या जागी दाद मागायची, त्याच जागी तिचं नुकसान झालं. त्या रात्रीनंतर त्या टापूतल्या किती बायांनी ‘ठाण्यात जायचं नाही’ हा धडा घेतला असेल, याचा विचार करा. कायदा बदलायला अकरा वर्षं लागली. हा धडा पुसायला किती लागतील?

जंगलातली बेटं

आता नकाशा बघू. गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर, बारा तालुके, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम पावणे अकरा लाख. त्यात अडतीस टक्क्यांहून जास्त आदिवासी. म्हणजे माणसं कमी आणि अंतरं फार. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब आहे, सिरोंच्याहून दोनशेच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. अगदी शब्दशः तुटतं, बेट होतं.

आणि भाषा? कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याला पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्यांची बंगाली, भामरागड-एटापल्लीला माडिया, मधल्या पट्ट्यात गोंडी आणि झाडीबोली. चंद्रपूरच्या जिवती पहाडावर कोलामी. आपली तक्रार कुठल्या भाषेत लिहिली जाते? मराठीत. आणि ती कुणाची मराठी? कचेरीतली. ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा शब्द माडियात कसा सांगायचा? शब्द नसला म्हणून दुखणं नसतं असं नाही. फक्त आपल्या नोंदवहीत ते दिसत नाही.

इथे जरा लांबचं उदाहरण घेतो. पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा देश आहे. सुमारे ऐंशी बेटं, शंभराहून जास्त भाषा. तिथे १९९२ साली स्त्रियांसाठी एक केंद्र सुरू झालं, राजधानीच्या गावात. पण लवकरच लक्षात आलं की बेटावरची बाई बोटीचं भाडं भरून राजधानीला येणार नाही. म्हणून बेटाबेटांवर स्थानिक स्वयंसेवकांच्या समित्या उभ्या राहिल्या. २००८ च्या तिथल्या कुटुंब-संरक्षण कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. न्यायालय लांब असेल तर गावातल्याच, प्रशिक्षण घेतलेल्या अधिकृत व्यक्तीला तात्पुरता संरक्षण आदेश देता येईल, अशी सोय केली. कायद्याने बाईला बोलावण्याऐवजी कायदाच बोटीत बसून बेटावर गेला, असं म्हणू या.

आपल्याकडे समुद्र नाही. पण जुलैतलं भामरागड आणि त्यांचं बेट यांत फार फरक नाही.

कुणी सांगतच नाही, त्याचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारातल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हा आकडा आपण ऐकतो आणि पुढे जातो. त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली. तीन-चतुर्थांशाहून जास्त जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मागितली, त्यांतल्या बहुतेक माहेरी गेल्या. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या.

यावरून काय दिसतं? ‘पीडित महिलांसाठी खास खिडकी’ उघडून आपण वाट बघत बसलो, तर बहुतेक बाया येणारच नाहीत. त्या खिडकीत जाणं म्हणजेच गावाला सांगणं. ‘सखी’ केंद्रं २०१५ पासून जिल्ह्या-जिल्ह्यात सुरू झाली. एका छताखाली दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा. कल्पना चांगली आहे, ती हवीच. १८१ ची हेल्पलाइनही हवी. पण केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि फोनला रेंज लागते. एटापल्लीच्या आतल्या गावात रेंजसाठी माणसं टेकडीवर जातात. मार खाल्लेली बाई रात्री टेकडी चढून एकशे ऐंशी-एक दाबेल, ही अपेक्षा कुणी केली?

म्हणून माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. बाई ज्या दारांत रोज जातेच आहे, त्याच दारांना हिंसा ओळखता आली पाहिजे आणि पुढची वाट दाखवता आली पाहिजे. अंगणवाडी, आशाताई, उपकेंद्र, रेशन दुकान, बचत गट, तेंदूपत्त्याची फळी, ग्रामसभा. ही सगळी दारं आज उघडी आहेत. फक्त तिथे हा विषय निघत नाही.

दवाखाना गावासारखा दिसला तेव्हा

हे शक्य आहे याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून गडचिरोलीत काम करते. राणीताईंनी दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. आणि आधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

म्हणजे दुखणं घराघरांत होतं. ‘बाया सांगत नाहीत’ म्हणून ते नाही असं सगळे समजत होते. बाई डॉक्टर गावात गेली, विश्वास कमावला, तेव्हा ते बाहेर आलं. हिंसेचंही असंच आहे. ऐकणारं माणस योग्य असेल आणि जवळ असेल, तर ती बोलते.

सर्चच्या दवाखान्याचीही गोष्ट अशीच आहे. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कोटाची भीती वाटते, असं आदिवासींनी सांगितलं. तेव्हा दवाखाना त्यांच्या गावासारखा, झोपड्यांच्या रचनेत बांधला आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. ‘सर्वसमावेशक सेवा’ हा जड शब्द आपण वापरतो ना, त्याचा साधा अर्थ हाच. कुणाला आत यायची भीती वाटते, ते विचारायचं आणि दार त्याप्रमाणे बदलायचं.

मुंबईत २००० साली महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेबरोबर ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. तत्त्व तेच. बाई पोटात दुखतंय म्हणून, हात मोडला म्हणून, विष घेतलं म्हणून दवाखान्यात येतेच. तिथली परिचारिका एक प्रश्न विचारते: घरी सगळं ठीक आहे ना? दवाखान्यात जायला नवऱ्याची परवानगी सहज मिळते, पोलीस ठाण्यात जायला मिळत नाही. ही साधी गोष्ट ‘दिलासा’ने ओळखली. ग्रामीण रुग्णालयाच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात हाच प्रश्न विचारायला वेगळी इमारत लागत नाही. पडदा लागतो, दहा मिनिटं लागतात, आणि तिची भाषा बोलणारी एक बाई लागते.

कायद्यातल्या वापरात नसलेल्या वाटा

आता थोडं कायद्याचं, कारण इथे आशाताई, सेविका ऐकत असतील. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, कलम ४. हिंसा होते आहे असं ज्याला वाटतं, असा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. बाईनेच जायला हवं असं नाही. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘मी कळवलं तर माझ्यावर येईल’ ही भीती आशाताईला असते. कायद्याने ती काढून टाकली आहे. पण तिला हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी, लग्न लागलेलं असणं गरजेचं नाही. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा लागू आहे. आपल्या टापूत याला फार महत्त्व आहे. गोंड-माडिया समाजात जोडपी एकत्र राहू लागतात, मुलं होतात, आणि गावजेवणाला पैसे नाहीत म्हणून लग्नाचा विधी वर्षानुवर्षं राहून जातो. अशी बाई कचेरीत गेली की पहिला प्रश्न येतो, ‘लग्नाचा दाखला आहे का?’ आणि ती परत फिरते. कायदा तिला आत घेतो. खिडकीवरचा माणूस बाहेर ठेवतो.

तिसरी, घर. ते कुणाच्याही नावावर असो, एकत्र राहत असलेल्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच गावात तात्पुरता आधार उभा करायला हवा.

आणखी एक. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत आणि ताबडतोब उपचार करायचे आहेत. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं म्हणणं बेकायदेशीर आहे.

दारूचं काय?

या जिल्ह्यांत स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल बोलायचं आणि दारूबद्दल बोलायचं नाही, हे जमणार नाही. कारण बायांनी हा विषय आपल्या हाताने राजकारणात आणला, आणि तो दारूच्या रूपात आणला. ‘नवरा मारतो’ हे चारचौघांत म्हणता येत नाही. ‘दारू बंद करा’ हे म्हणता येतं. गडचिरोलीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३ पासून जिल्ह्यात बंदी आहे. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तिथे बंदी आली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम गावोगाव चालतो.

बंदी असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलंय. मी त्यात आज जात नाही. मला दुसरीच गोष्ट दिसते. चिमूर ते नागपूर चालत जाणारी बाई दारूच्या बाटलीमागे घरातली हिंसा सांगत होती. सरकारने बाटलीवर निर्णय घेतला, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. हिंसेवर निर्णय राहूनच गेला. न पिणाराही मारतो, आणि पिणारा प्रत्येक जण मारत नाही. दारू हे निमित्त आहे, ठिणगी आहे. अधिकार आपला आहे हे वाटणं, ते सरपण आहे. गावातल्या दारूबंदीच्या समितीने ‘कुणाच्या घरी दारू निघते’ याबरोबर ‘कुणाच्या घरी बाई मार खाते’ हेही विचारायला सुरुवात केली, तर तीच समिती हिंसेविरुद्धची समिती होईल. बाया त्याच आहेत, धीरही तोच आहे.

गाव आधार देतं, आणि गावच जाळतं

आता अवघड भागाकडे येतो. आतापर्यंत मी ‘गावपातळीवर, गावपातळीवर’ म्हणत आलो. पण गाव म्हणजे कोण?

ऑगस्ट २०२१. चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका, वणी गाव. जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या माणसांना, त्यात वृद्ध स्त्रियाही, चौकात बांधून मारहाण झाली. मे २०२४. गडचिरोलीतला एटापल्ली तालुका, बारसेवाडा. जादूटोण्याच्याच संशयावरून एक बाई आणि एक पुरुष, दोघांना जाळून मारलं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. दोन्ही ठिकाणी मारणारे बाहेरून आले नव्हते. गावच होतं.

म्हणून ‘समाज सांभाळून घेईल’ हे वाक्य जपून वापरायला हवं. पंच बसतात, दंड ठरतो, गावजेवण होतं, माणूस ‘जातीत घेतला’ जातो. दंडाचे पैसे कुणाला मिळतात? जिला मारलं तिला क्वचितच. फिजीमध्ये ‘बुलुबुलु’ नावाची प्रथा आहे. गुन्हेगाराच्या घरच्यांनी भेटवस्तू देऊन माफी मागायची. समेटासाठी ही प्रथा सुंदर आहे. पण बलात्काराच्या खटल्यांत ‘बुलुबुलु झालं, मिटलं’ म्हणून शिक्षा कमी करून घ्यायला ती वापरली जाऊ लागली. तिथल्या स्त्रियांच्या संकट-केंद्राने याविरुद्ध आवाज उठवला. प्रथा टाकून द्या असं त्यांचं म्हणणं नव्हतं. बाईच्या अंगावरच्या गुन्ह्याचा सौदा प्रथेने करू नका, एवढंच होतं.

मला ही रेघ आपल्यासाठीही बरोबर वाटते. ग्रामसभेने काय करावं आणि काय करू नये? मारहाण, बलात्कार, जादूटोण्याचा आळ, बहिष्कार यांचा ‘निवाडा’ ग्रामसभेने करू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून लागू आहे, तोही हेच सांगतो. पण निवाडा नाही म्हणून ग्रामसभेला काही कामच नाही असं नाही. त्या रात्री बाई आणि लेकरं कुणाच्या घरी झोपतील, दवाखान्यात तिच्याबरोबर कोण जाईल, गाडीभाडं कुठून येईल, ठाण्यात माडियातून मराठीत कोण सांगेल, आणि ती परत आल्यावर तिला कुणी टोचून बोलणार नाही हे कोण बघेल. ही पाच कामं गावच करू शकतं. दुसरं कुणी करू शकत नाही.

आणि ग्रामसभेत बायांचा आवाज हवा. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं, सर्वसहमतीने निर्णय घेणारं गाव. वनहक्क कायद्याच्या नियमांनी ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक-तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत असं सांगितलंय. ग्रामपंचायत कायद्याने नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायला सांगितलीय. बऱ्याच गावांत ही महिला सभा फक्त सह्यांची असते. ती खरी झाली तर? तिथे पहिला विषय पाण्याचा असेल, दुसरा रेशनचा, आणि तिसरा कुणीतरी हळूच काढेल.

पैसा कुणाच्या नावावर?

हिंसा थांबवण्याबद्दल बोलताना आपण समुपदेशनावर थांबतो. पण बाई घर का सोडू शकत नाही? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: जाऊ कुठे, खाऊ काय?

२००६ च्या वनहक्क कायद्यात एक मोठी गोष्ट आहे. विवाहितांच्या बाबतीत वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा. तुमच्या गावातले पट्टे काढून बघा, तिचं नाव आहे का आणि सातबाऱ्यावर चढलंय का. तसंच तेंदूचं. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे उठून पानं तोडते बाई, रात्री पुडे बांधते बाई. सामूहिक हक्क मिळालेल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मजुरी आणि बोनस कुणाच्या खात्यात जातो? ‘कुटुंबप्रमुखाच्या’ असेल, तर हा ठराव ग्रामसभा एका बैठकीत बदलू शकते. वेगळा निधी नको, मंत्रालयाची मंजुरी नको. हिंसा रोखण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

सगळ्यात मागे कोण राहतं?

शेवटचा मुद्दा. कुठलीही सेवा आपण ‘सर्वांसाठी’ म्हणतो, तेव्हा सगळ्यात मागे राहणारीचा विचार करून ती तपासायची. मुकी-बहिरी मुलगी, तिची खूण-भाषा घरच्यांनाच कळते, आणि मारणारा घरचाच आहे. एकटी म्हातारी विधवा, जिच्या नावावर शेत आहे आणि म्हणून जिला ‘करणी करते’ म्हणणं कुणाच्यातरी सोयीचं आहे. कुरमा घरात पाळीचे दिवस काढणारी माडिया बाई, जिला त्या दिवसांत साप चावला, ताप आला, तरी दवाखान्यात न्यायला पुरुष हात लावत नाही. कुरखेडा-कोरची भागात ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था १९८४ पासून काम करते. तिथे स्त्रियांचं आरोग्य आणि अपंगांचे हक्क हे दोन्ही विषय एकाच कामात आले, ते यामुळेच. गावात गेलं की हे विषय वेगळे राहत नाहीत, माणूस एकच असतो.

कुरमा घराबद्दल दोन मतं आहेत. काही जण म्हणतात पाडून टाका. काही जण म्हणतात, निदान पक्कं, पाणी-वीज-संडास असलेलं बांधा. काही गावांत तशी बांधलीही. मी एवढंच म्हणेन, पाडायचं की बांधायचं हे तिथे राहणाऱ्या बायांना विचारून ठरवा. आणि आज, उद्या, परवा त्यात बाई असेलच, तर आशाताईचा फेरा तिथे रोज झाला पाहिजे. प्रथा बदलेपर्यंत थांबायला तिला वेळ नाही.

तर मंडळी, आपल्या गावात जाऊन पाच गोष्टी विचारा. मार खाल्लेली बाई रात्री थांबू शकेल असं एक घर ठरलेलं आहे का? आशाताईला संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर माहीत आहे का? तक्रार तिच्या भाषेत ऐकणारं कुणी आहे का? महिला सभा शेवटची खरोखर कधी झाली? आणि तेंदूचे पैसे कुणाच्या खात्यात जातात? तीन उत्तरं जरी ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ अशी आली, तरी कामाला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: यात पुरुषांचं काय काम? सगळा भार पुन्हा बायांवरच टाकला जात नाही का?*

टाकला जातो, खरं आहे. फिजीच्या केंद्राने पुरुषांना तयार करण्याचा वेगळा कार्यक्रम चालवला, पण एका अटीवर. पुरुषांनी स्त्रियांच्या संस्थेला उत्तरदायी राहायचं, स्वतः पुढारी व्हायचं नाही. आपल्याकडे पाटील, भूमिया, पुजारी, शिक्षक, तरुण मंडळ यांच्याशी बोलायलाच हवं. वडशाच्या नाटककंपन्यांकडे तर हजारोंचा प्रेक्षक रात्रभर बसलेला असतो. तिथे बायकोला मारण्यावर हशा निघतो की प्रेक्षक गप्प होतो, हे लेखकाच्या हातात आहे.

*प्रश्न: मी आशा कार्यकर्ती आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वखुशीने मुलाबरोबर राहते आणि गरोदर राहते. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते, म्हणून घरचे लपवतात. आम्ही काय करायचं?*

हा फार खरा प्रश्न आहे. अठराच्या आतली मुलगी असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, त्यातून तुम्हाला सूट नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की अशा मुलीच्या गर्भपाताच्या वेळी, तिने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवा. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी उपचार, मग कागद. लपवल्यामुळे मुलगी घरातच बाळंत होते आणि जिवाला मुकते, ही हिंसाच आहे, फक्त तिच्यात मारणारा हात दिसत नाही.

*प्रश्न: मदत करणाऱ्या बाईलाच गावात त्रास होतो. तिचं कोण बघणार?*

एकटीने करू नका, हे पहिलं. आशा, सेविका, बचत गटाची अध्यक्ष, पोलीस पाटील अशा चौघांनी मिळून करा, म्हणजे राग एकीवर येत नाही. शक्य असेल तर शेजारच्या चार-पाच गावांच्या बायांचा गट करा. तुमच्या गावातलं प्रकरण दुसऱ्या गावच्या बाया घेऊन जातील, त्यांचं तुम्ही घ्या. भाऊबंदकीचा दाब त्यामुळे बराच कमी होतो. आणि झालेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख घालून वहीत नोंद ठेवा. पुढे न्यायालयात ती वही कामाला येते, आणि तुम्हालाही आधार देते.